हैदराबादचा क्लोरोफॉर्म : श्वास, नाडी आणि राहून गेलेला एक प्रश्न

रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले, ही गोष्ट हैदराबादेत पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या मराठी कुटुंबांना नवी नाही. त्या शोधाचा अभिमान आपण सारेच बाळगतो. पण त्याच्या आठ वर्षे आधी याच शहराचे नाव युरोपातील वैद्यकीय नियतकालिकांतून सतत गाजत होते, हे मात्र फारसे कोणाच्या स्मरणात नाही. निमित्त होते क्लोरोफॉर्मचे. रॉस यांचे यश निर्विवाद ठरले. क्लोरोफॉर्म कमिशनचे यश पुढे वादग्रस्त ठरले, म्हणूनच बहुधा ते विस्मरणात गेले असावे. आम्हांला मात्र ही दुसरी कथा अधिक बोलकी वाटते.

विषयाची पूर्वपीठिका थोडक्यात सांगावी लागेल. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे मॉर्टन यांनी ईथरची भूल देऊन शस्त्रक्रियेतील वेदनेवर जाहीरपणे मात करून दाखविली. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १८४७ मध्ये, एडिनबरोच्या जेम्स यंग सिम्पसन यांनी स्वतःवर आणि आपल्या दोन सहकाऱ्यांवर प्रयोग करून क्लोरोफॉर्म पुढे आणला. ईथरपेक्षा तो सुवासिक, थोडक्यात काम भागविणारा आणि पेट न घेणारा. हिंदुस्थानच्या उष्ण हवेत, दिव्यांच्या उजेडात शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना तो वरदानच वाटला असल्यास नवल नाही.

परंतु तीन महिने लोटण्याच्या आतच पहिला धक्का बसला. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडात न्यूकासलजवळच्या विनलेटन गावी हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी खुर्चीत बसविण्यात आली. ती मनातून अतिशय भ्यालेली होती. रुमालावर क्लोरोफॉर्म घालून तो तिच्या नाकाशी धरला आणि काही मिनिटांतच ती गेली. एका नखासाठी एक जीव! वाचकांनी या मुलीची भीती ध्यानात ठेवावी; पुढे तिचे काम पडणार आहे.

असे मृत्यू मग अधूनमधून होतच राहिले. ते बहुधा धडधाकट माणसांचे, किरकोळ शस्त्रक्रियेच्या वेळी आणि भूल पुरती चढण्याआधीच होत. याचे कारण काय, यावर दोन तट पडले. एडिनबरोचे सर्जन जेम्स सायम आणि त्यांचे शिष्य म्हणत, की क्लोरोफॉर्म मारतो तो श्वास थांबवून. म्हणून भूल देणाऱ्याने डोळे श्वासावर ठेवावेत, नाडीकडे पाहण्यात वेळ दवडू नये. लंडनकडच्या मंडळींचे म्हणणे असे, की हृदयच एकाएकी थांबते. म्हणून बोट नाडीवरून हलता कामा नये. राणी व्हिक्टोरियाला १८५३ साली प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म देणारे जॉन स्नो या वादात सर्वांत सावध होते. आपण दिलेल्या भुलीची नोंद ते रुग्णागणिक ठेवीत. १८५८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी क्लोरोफॉर्मने झालेल्या मृत्यूंच्या पन्नासएक हकिकती एकत्र मांडून त्यांतून बोध काढण्याचा प्रयत्न केला. हवेत वाफेचे प्रमाण किती, हा प्रश्न विचारणारेही तेच पहिले. लंडनमधील कॉलऱ्याचा माग पाण्याच्या पंपापर्यंत काढणारे स्नो ते हेच. मेलेल्या माणसांच्या कहाण्या नीट ऐकल्या तर त्या काही सांगतात, हा त्यांचा विश्वास होता.

या वादाची ठिणगी हैदराबादेत आणली ती एडवर्ड लॉरी यांनी. सायम यांच्या एडिनबरो परंपरेत तयार झालेले हे सर्जन लाहोरहून १८८५ साली हैदराबादेत रेसिडेन्सी सर्जन म्हणून आले. कोठीतील ज्या रेसिडेन्सीच्या इमारतीत पुढे महिला महाविद्यालय भरू लागले, तेथील इंग्रज वकिलातीचे हे डॉक्टर. १८४६ साली स्थापन झालेल्या हैदराबाद मेडिकल स्कूलची धुराही त्यांच्याकडे आली. लॉरी हा माणूस कर्तबगार, कळकळीचा आणि कमालीचा हट्टी. गुरूचे मत चुकीचे असू शकते ही कल्पनाच त्यांना सहन होत नसे. आपल्याकडे घराणेदार गवई गुरूच्या बंदिशीत एक मात्रा बदलू देत नाहीत, तशातलाच हा प्रकार.

१८८८ साली त्यांनी निजाम सरकारच्या साहाय्याने पहिले क्लोरोफॉर्म कमिशन बसविले. शहरातील मोकाट कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला, की क्लोरोफॉर्मचा हृदयावर थेट परिणाम होत नाही, आधी श्वास थांबतो. लंडनच्या ‘लॅन्सेट’ने या निष्कर्षावर विश्वास ठेवला नाही. तेव्हा लॉरी यांनी निजामाच्या वतीने असा प्रस्ताव धाडला, की लॅन्सेटनेच आपला माणूस हैदराबादेत पाठवावा, खर्चासाठी एक हजार पौंड देऊ. सहावे निजाम मीर महबूब अली खान त्या वेळी अवघे तेवीस वर्षांचे होते. एका हिंदुस्थानी संस्थानिकाने इंग्लंडातील शास्त्रीय वादाच्या निवाड्यासाठी पदरचा पैसा मोजावा, ही घटना त्या काळी विलक्षणच. त्यात दरबारी दिमाखाचा भाग असेलही. पण पैसा शिकारीवर न जाता प्रयोगशाळेवर गेला, याचे श्रेय द्यावेच लागेल.

लॅन्सेटने सर टॉमस लॉडर ब्रंटन यांची निवड केली. (खरे तर ‘सर’ हा किताब त्यांना मागाहून मिळाला.) हृदयशूळावर अमिल नायट्राइटचा उपयोग दाखवून देणारे हे औषधशास्त्रज्ञ लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातले. क्लोरोफॉर्म हृदय बंद पाडू शकतो, असेच त्यांचे आजवरचे मत. ऑक्टोबर १८८९ मध्ये ते हैदराबादेत पोहोचले. लॉरी, ब्रंटन, बॉम्फर्ड आणि हैदराबादचेच डॉ. रुस्तमजी अशा मंडळींनी डिसेंबरपर्यंत अक्षरशः झपाटल्यासारखे काम केले. कुत्री, माकडे, शेळ्या, मांजरे, ससे, घोडे असे सुमारे पाचशे प्राणी वापरले गेले. शंभराहून अधिक प्राण्यांच्या रक्तदाबाचे आलेख यंत्राने काढून त्यांची छायाचित्रे घेतली. या मुक्या जिवांचे काय झाले हे वाचताना आजच्या वाचकाला अवघड वाटते. त्या काळी इंग्लंडातही अनेकांना वाटले. डिसेंबरात ब्रंटन यांची तार लंडनला गेली : धोका आहे तो गुदमरण्याचा आणि अतिमात्रेचा, हृदयाचा थेट धोका मुळीच नाही. विरुद्ध मताचा माणूस हैदराबादेत येऊन मत बदलून गेला. लॉरी यांच्या आनंदाला पारावार उरला नसेल.

१८९० साली लॅन्सेटमध्ये हा अहवाल सविस्तर प्रसिद्ध झाला. त्यातील व्यवहाराचे नियम आजही वाचण्यासारखे आहेत. रुग्णाला आडवे निजवावे. छातीपोटावरचे कपडे सैल करावेत. श्वास कोणत्याही प्रकारे अडता कामा नये. रुग्णाने धडपड केली किंवा श्वास रोखून धरला तर विशेष जपावे, कारण त्यानंतरच्या खोल श्वासाबरोबर मात्रा एकदम आत जाते. डोळ्याला बोट लावले असता पापणी लवेनाशी झाली, म्हणजे भूल पुरी झाली असे समजावे आणि मगच सुरी लावावी. या नियमांत खरोखर रुग्णाची काळजी आहे. भूल देणे हे हाताखालच्या कोणाही माणसाने उरकण्याचे काम नव्हे, डोक्याशी उभ्या असलेल्या माणसाने श्वासागणिक रुग्णावर लक्ष ठेवायचे, ही शिस्त लॉरी यांनी हैदराबादच्या विद्यार्थ्यांत बाणविली.

मग चूक कोठे झाली? आमच्या मते चूक मोजमापात नव्हती, प्रश्नात होती. हैदराबादेत प्राण्यांना बहुतांशी खोल भूल दिली जाई, आणि मात्रा वाढवीत नेऊन आधी श्वास थांबतो की हृदय, हे पाहिले जाई. त्या स्थितीत आधी श्वासच थांबतो. आलेख खोटे नव्हते. पण हॅना ग्रीनर खोल भुलीत गेली नव्हती. ती अर्धवट भुलीत, घाबरलेल्या अवस्थेत गेली. जे मृत्यू समजून घ्यावयाचे होते ते एका स्थितीतले, आणि प्रयोग झाले दुसऱ्या स्थितीत. स्नो यांनी जमविलेल्या हकिकती पुन्हा उघडून पाहिल्या असत्या तर हे अंतर ध्यानात आले असते. पाचशे प्राण्यांच्या आकड्यापुढे पन्नास माणसांच्या गोष्टी फिक्या पडल्या.

या चुकीची किंमत कोणी मोजली, हेही पाहिले पाहिजे. हृदय थांबूच शकत नाही असे एकदा ठरल्यावर टेबलावर दगावलेल्या प्रत्येक रुग्णाचा अर्थ एकच उरतो : भूल देणाऱ्याने हयगय केली. लॉरी असेच म्हणत. ज्या डॉक्टराने डोळ्यांत तेल घालून श्वास पाहिला आणि तरीही ज्याच्या हातून माणूस गेला, त्याला सांगण्यासारखे काही राहिले नाही. आणि बाहेर बसलेल्या नातेवाइकांना खरे कारण कधीच कळले नाही. शिवाय नाडीकडे पाहूच नये, या शिकवणीने संकटाची एक खूण डोळ्यांआड केली.

विरोधी पुरावा लवकरच येऊ लागला. १८९३ साली गॅस्केल आणि शोअर यांनी इंग्लंडात प्रयोग करून क्लोरोफॉर्म हृदयाला थेट दुबळे करतो असे दाखविले. लॉरी यांनी ते मानले नाही. खरा उलगडा व्हायला मात्र १९११ साल उजाडावे लागले. ए. गुडमन लेव्ही यांनी मांजरांना हलकीच भूल दिली. त्या हलक्या भुलीत प्राण्याला चाळविले, किंवा भीतीच्या वेळी शरीरात स्रवणारे अ‍ॅड्रिनॅलिन हे द्रव्य टोचले, की हृदयाचे ठोके विस्कटत, मग ते नुसते थरथरू लागे आणि रक्ताभिसरण जागच्या जागी थांबे. यालाच वेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. म्हणजे धोका भूल जास्त झाल्याचा होता तसाच कमी पडल्याचाही होता. क्लोरोफॉर्म मध्येच काढून पुन्हा लावल्याचा होता. आणि रुग्णाच्या मनातील भीतीचाही होता. त्रेसष्ट वर्षांपूर्वी विनलेटनच्या खुर्चीत बसलेल्या मुलीची भीती अशी अखेर शास्त्राच्या हिशेबात आली.

यातली गंमत अशी, की पुरती भूल चढेपर्यंत सुरी लावायची नाही, हा लॉरी यांचा दंडक या हलक्या भुलीतल्या धोक्याला बराचसा टाळणाराच होता. सिद्धान्त चुकला, हात मात्र बरोबर होता. वैद्यकाच्या इतिहासात असे अनेकदा घडते, आणि त्याचमुळे चुकीचे सिद्धान्त दीर्घायुषी होतात.

लॉरी यांचे दुसरे एक काम आम्हांला कमिशनहून मोलाचे वाटते. १८८५ साली हैदराबाद मेडिकल स्कूलमध्ये ज्या मोजक्या मुली दाखल झाल्या त्यांत रूपाबाई फर्दुनजी ही पारशी तरुणी होती. लॉरी यांच्या हाताखाली ती भूल देण्यात तयार झाली. पुढे सुलतान बाजार रुग्णालय म्हणून ओळखल्या गेलेल्या रेसिडेन्सी रुग्णालयात आणि अफझलगंजच्या रुग्णालयात तिने हे काम केले. १९०९ साली अधिक अभ्यासासाठी ती एडिनबरोलाही गेली. जगातील पहिली स्त्री-भूलतज्ज्ञ म्हणून आज तिचे नाव घेतले जाते. गोषात वाढलेल्या बाईला परपुरुषांच्या घोळक्यात टेबलावर निजावे लागण्याची धास्ती काय असेल, हे आपल्या जुन्या घरांतील वाचकांना सांगायला नको. अशा वेळी उशाशी एक बाई उभी असणे, तिने आपल्याच शहराच्या बोलीत धीर देणे, याचे मोल कोणत्याही आलेखात उमटलेले नाही. लेव्ही यांच्या प्रयोगांनंतर मात्र त्या धीर देण्याला औषधाइतकेच महत्त्व होते असे म्हणता येते.

अफझलगंजचे ते रुग्णालय २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरात वाहून गेले. उस्मानिया रुग्णालय ही त्यानंतरची उभारणी. क्लोरोफॉर्मही यथावकाश मागे पडला. श्वास की नाडी, हा वाद मात्र अगदी वेगळ्याच रीतीने मिटला. १९७४ च्या सुमारास जपानचे ताकुओ आओयागी यांनी पल्स ऑक्सिमीटरचे तत्त्व मांडले. बोटाला लावायचा हा चिमटा नाडीचे ठोकेही दाखवितो आणि रक्तातील प्राणवायूही. करोनाच्या साथीत तो आपल्या घराघरांत आला. सायम यांचे शिष्य आणि लंडनची मंडळी, दोघांनाही हवे ते एकाच काचेवर!

२००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी एका पानाची तपासयादी प्रसृत केली. दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत तिचा वापर होण्यापूर्वीच्या ३७३३ आणि नंतरच्या ३९५५ रुग्णांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा मृत्यूचे प्रमाण शेकडा १·५ वरून ०·८ वर आल्याचे दिसले. १८८९ च्या मानाने हा प्रयोग किती निराळा! येथे एकही प्राणी नाही, नवे औषध नाही. खऱ्या रुग्णालयांतील खरी माणसे आणि त्यांचे काय झाले याची मोजणी, एवढेच. भूल देण्यापूर्वी ऑक्सिमीटर चालू आहे ना, हे त्या यादीनुसार पाहावयाचे असते. पण त्याच्याही आधी, यादीच्या अगदी पहिल्या ओळीत, टेबलावरच्या जाग्या माणसाला त्याचे नाव विचारायचे, कोठे आणि कोणती शस्त्रक्रिया होणार आहे हे त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचे आणि त्याची संमती आहे ना, याची खात्री करायची, असे सांगितले आहे.