तळटीप : मदन महल, गढ, ताल
‘महल’ हा शब्द वाचताच मराठी वाचकाच्या मनात एकतर राजप्रासाद उभा राहतो, नाहीतर पेशवाई दफ्तरातील ‘महाल’, म्हणजे वसुलीसाठी पाडलेला परगण्याचा पोटविभाग; वस्तुतः जबलपूरलगत गढा येथील टेकडीवर, ग्रॅनाइटच्या एका अजस्र शिळेच्या माथ्यावर तिच्याच उंचसखलपणाशी जुळवून घेत उभारलेली, गोंड राजा मदनसिंहाच्या नावाने ओळखली जाणारी ही वास्तू इतकी लहान आहे की, तिची आटोपशीर दालने आणि समोरील पागा पाहता ती निवासापेक्षा टेहळणीसाठीच योजिली असावी, असे प्रस्तुत संपादकाचे मत आहे. ‘गढ’ हाही येथे केवळ किल्ला नव्हे. गोंड राजा संग्रामशाहाचे बावन्न गढ म्हणजे ठाणे व त्याच्या ताब्यातील मुलूख मिळून झालेले विभाग होत. ‘ताल’ म्हणजे तलाव. राणीताल राणी दुर्गावतीचा, आधारताल तिचा दिवाण आधारसिंह याचा आणि चेरीताल तिच्या दासीचा, कारण ‘चेरी’ म्हणजे दासी, असे परंपरा सांगते. १५६४ मध्ये मोगल फौजेशी लढताना देह ठेवणाऱ्या राणीच्या नावाशेजारी एका परिचारिकेची स्मृतीही ज्या नगराने जतन केली, त्याविषयी मनःपूर्वक आदर वाटतो. मूळ पाठात पुढे येणारे कमाविसदार, फडणीस हे शब्द मात्र मराठी अमलाचे. सागरच्या मराठ्यांनी १७८१ मध्ये गढा-मंडला हस्तगत केले, पुढे तो मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला व १८१७ मध्ये इंग्रजांनी जबलपूर घेतले.