संगणक बोलका कसा झाला

पत्र आणि बोलणं यांत एक मोठा फरक आहे. पत्र दोन दिवस उशिरा आलं तरी चालतं, पण त्यातली ओळ गळून चालत नाही. बोलण्याचं उलट आहे. एखादं अक्षर गळलं तरी आपण संदर्भानं समजून घेतो. मात्र समोरच्याचं उत्तर दोन-चार सेकंद लांबलं, की संभाषणाचा जीव जातो. टेबलावरच्या संगणकावरून आज आपण फोन करतो आणि घेतो, त्याचा सगळा इतिहास या एका फरकात सामावलेला आहे.

आधी जुन्या दूरध्वनीची रीत पाहू. १० मार्च १८७६ रोजी बोस्टन शहरी ग्रॅहम बेल यांनी शेजारच्या खोलीतल्या वॉटसनला तारेवरून हाक मारली. पुढं एक्सचेंजं आली. तुम्ही फोन लावलात, की एक्सचेंज तुमच्यापासून पलीकडच्या माणसापर्यंत एक सलग वाट जोडून देई. तुम्ही बोला की गप्प बसा, फोन ठेवीपर्यंत ती वाट तुमची. पाटाचं पाणी एकाच्याच वाफ्याला लावून ठेवावं, तसं हे. म्हणूनच लांबचा फोन महाग पडे. ट्रंक कॉल तासन् तास लागत नसे, आणि लागला की मिनिटं मोजत बोलावं लागे, हे जुन्या मंडळींना आठवत असेल.

संगणकांची रीत निराळी निघाली. १९६० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस या दोघांना स्वतंत्रपणे एकच युक्ती सुचली. निरोपाचे लहान लहान तुकडे करायचे, प्रत्येकावर पत्ता घालायचा, आणि जी वाट मोकळी असेल तिनं तो धाडायचा. पलीकडं सगळे तुकडे क्रमानं जुळवून घ्यायचे. डेव्हिस यांनी या तुकड्याला पॅकेट म्हटलं. आपण पाकीट म्हणू. अशी वाट कुणा एकासाठी अडून राहत नाही. १९६९ साली अमेरिकेत आर्पानेट नावाचं संगणकांचं जाळं या तत्त्वावर सुरू झालं.

हे जाळं पत्रासाठी उत्तम होतं. पाकीट हरवलं तर पुन्हा मागवायचं, आणि ते येईपर्यंत बाकीची थांबवून ठेवायची. पण बोलण्याला हे कसं मानवणार? ऑगस्ट १९७४ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातली एक संशोधन संस्था आणि मॅसॅच्युसेट्समधली लिंकन प्रयोगशाळा यांच्यात या जाळ्यावरून मानवी आवाज गेला. त्या कामातले पुढारी डॅनी कोहेन यांनी एक गोष्ट आग्रहानं मांडली. आवाजाचं उशिरा आलेलं पाकीट हरवल्यासारखंच असतं. त्याची वाट पाहू नका, पुढं चला. त्यांच्यासारख्यांच्या आग्रहामुळं जाळ्याच्या नियमांची फोड झाली. काही न गमावणारी चाल पत्रांसाठी राहिली आणि न थांबणारी दुसरी चाल १९८० साली नियमबद्ध झाली.

आता गुरुजी, तुमच्या वर्गात संगणकावरून बोलताना आवाज मध्येच तुटला आणि मुलांनी कारण विचारलं, तर हेच सांगा. तार तुटलेली नसते. काही पाकिटं वेळेत पोचली नाहीत, म्हणून यंत्रानं ती सोडून दिली, एवढंच. यंत्र मागचं पुन्हा म्हणत नाही, ते काम माणसानं करायचं.

दुसरी अडचण होती अरुंद वाटेची. आवाज जसाच्या तसा आकड्यांत उतरवला, तर त्या काळच्या जाळ्याला तो भार झेपेना. इथं आपल्या देशात जन्मलेल्या एका शास्त्रज्ञाचं काम उपयोगी पडलं. कानपूरचे बिष्णू अटल लखनौ आणि बंगळूर इथं शिकून अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत गेले होते. आवाजाचा पुढचा अंश मागच्या अंशांवरून बराचसा ओळखता येतो, या तत्त्वावर त्यांनी आवाज आटोपशीर करण्याची रीत विकसित केली. जपानमध्येही इटाकुरा आणि साइतो यांनी तसंच काम केलं होतं. डिसेंबर १९७४ मध्ये या प्रकारच्या रीतीनं आवाज जाळ्यावरून गेला.

घरच्या संगणकापर्यंत हे सारं यायला आणखी वीस वर्षं लागली. १९९५ साली इस्रायलच्या व्होकलटेक कंपनीनं त्यासाठीची आज्ञावली विकायला काढली. सुरुवातीला पुष्कळ संगणकांवर एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं, मग पाळी बदलायची, असं चाले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपल्याकडं इंटरनेट सर्वसामान्यांना खुलं झालं. परंतु त्यावरून फोन करायला मुभा नव्हती. परदेशी फोनच्या उत्पन्नाचा प्रश्न होता. १ एप्रिल २००२ पासून संगणकावरून संगणकाशी, तसंच परदेशातल्या फोनशी बोलण्यास परवानगी मिळाली. देशातल्या साध्या फोनवर मात्र असा फोन लावता येत नव्हता. २००३ साली स्काइप आलं, आणि परदेशी गेलेल्या लेकराचा आवाज मिनिटं न मोजता ऐकण्याची सोय अनेक घरांना झाली.

फोन करणं सोपं, घेणं अवघड. फोनचा नंबर कायम असतो. संगणकाचा जाळ्यावरचा पत्ता बदलत राहतो. म्हणून आपला संगणक सुरू होताच एका मध्यस्थ यंत्राला वर्दी देतो, ‘मी आज अमुक पत्त्यावर आहे.’ गावात नव्यानं आलेल्यानं चावडीवर नोंद करावी, तसंच हे. तुम्हाला कुणी हाक मारली, की मध्यस्थ ती नोंद पाहून घंटी तुमच्याकडं धाडतो.

मे २०२५ मध्ये स्काइप बंद झालं, पण रीत गेली नाही. इंटरनेटची पानं पाहण्याच्या साधनातूनच बोलण्याचे नियम २०२१ साली सर्वमान्य झाले आहेत.

एक व्यावहारिक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. जुन्या तारेच्या फोनला वीज एक्सचेंजमधून मिळे, म्हणून गावातली वीज गेली तरी तो बोले. टेबलावरच्या संगणकाचं तसं नाही. वीज गेली किंवा जाळं तुटलं, की तो मुका. तेव्हा शाळेत किंवा घरी संगणकावरून कितीही बोला, पण अडीअडचणीला ११२ लावण्यासाठी भरलेल्या बॅटरीचा एक साधा मोबाइल हाताशी असू द्या.