औषध सदोष निघालं, तर कंपनीला जबाबदार कसं धरायचं?

२०२५मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात ‘कोल्ड्रिफ’ हे खोकल्याचं औषध घेतल्यानंतर अनेक लहान मुलं किडनी निकामी होऊन दगावली. काहींवर वर्ध्याशेजारच्या नागपुरात उपचार सुरू होते. औषध तमिळनाडूत बनलं होतं. तिथल्या सरकारी तपासणीत एका बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं. १९८६मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्णांचा जीव घेणाऱ्या ग्लिसरॉलमध्येही हेच रसायन होतं.

असं औषध वर्ध्यातल्या घरात आलं, तर काय करता येईल?

कंपनीचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो का?
ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम ८४नुसार निर्मितीत दोष असेल किंवा धोक्याची पुरेशी सूचना नसेल, तर उत्पादक जबाबदार ठरतो. औषध सदोष होतं आणि त्यामुळेच इजा झाली, हे मात्र दाखवावं लागतं.

तक्रार कुठे करायची?
कंपनी तमिळनाडूतली असली, तरी वर्ध्यात राहणारा ग्राहक वर्ध्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करू शकतो. मुदत दोन वर्षांची. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल, तर शुल्क नाही.

शिक्षा काय?
भेसळयुक्त औषधाने मृत्यू झाला, तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४०नुसार किमान दहा वर्षं ते जन्मठेप आणि किमान दहा लाखांचा दंड होतो. दंडाची रक्कम मृताच्या नातेवाइकांना मिळते.

इस्लामी कायदा काय सांगतो?
नुकसान करणाऱ्याने भरपाई द्यावी, हे तिथलं मूळ तत्त्व. १९व्या शतकातल्या ऑटोमन ‘मजल्ला’ संहितेत थेट नुकसान करणारा हेतू नसतानाही जबाबदार ठरतो (कलम ९२). अप्रत्यक्ष कारण ठरणारा मात्र जाणूनबुजून वागला असेल तरच (कलम ९३). रुग्ण आणि कारखाना यांच्या मध्ये डॉक्टर आणि दुकानदार असतात. मग उत्पादक कोणत्या गटात बसतो, हा तिथला कळीचा प्रश्न.

भारतात मुस्लिम व्यक्तिगत कायदा मुख्यतः विवाह, वारसा अशा बाबींपुरता आहे. औषधांच्या बाबतीत सर्वधर्मीयांना ग्राहक कायदा सारखाच लागू होतो.

पुरावा कसा जपायचा?
पक्कं बिल घ्या. शंका आली तर उरलेलं औषध फेकू नका; बॅच नंबर दिसेल अशी बाटली जपून ठेवा. कलम २६नुसार विकत घेतलेलं औषध शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येतं.