अर्धा तास आणि एक प्रश्न

रविवारी आमच्या घरी चहा उशिरा होतो. आई उठल्याबरोबर उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी घेते आणि अर्धा तास खुर्चीत ताठ बसते. मध्यंतरी तिची दाढ काढायची ठरली, तेव्हा दंतवैद्यांनी पहिला प्रश्न विचारला तो याच गोळीबद्दल. तो अर्धा तास आणि तो प्रश्न आले कुठून, हे मी शोधू लागले.

अर्ध्या तासाचा उलगडा लवकर झाला. अमेरिकेत १९९५ साली रजोनिवृत्तीनंतरच्या ऑस्टिओपोरोसिससाठी ही गोळी मान्य झाली. पुढच्याच वर्षी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने अन्ननलिका पोळलेल्या रुग्णांची हकीकत छापली. काहींनी पाणी अपुरे घेतले होते, काही आडवे झाले होते.

दंतवैद्यांचा प्रश्न मात्र फार मागे घेऊन गेला. २००३ मध्ये मायामीचे शल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी ३६ रुग्ण नोंदवले. जबड्याचे हाड उघडे पडलेले, भरून न येणारे. बहुतेक कर्करोगाचे होते आणि त्यांना याच वर्गातली औषधे शिरेतून दिली होती. पण असा जबडा वैद्यकाने आधी पाहिला होता. १८४५ मध्ये व्हिएन्नात लोरिन्झर यांनी पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यापेट्या बनवणाऱ्या कामगारांत तो वर्णिला होता. दातदुखी, सूज, पू, मग कुजणारे हाड. १८८८ मध्ये लंडनच्या ब्रायंट अँड मे कारखान्यातल्या ज्या मुलींनी संप केला, त्यांच्या हलाखीवर अ‍ॅनी बेझंट यांनी लिहिले होते. पुढे काँग्रेसच्या अध्यक्ष झालेल्या त्याच. हिंदुस्थानात पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यापेट्यांवर बंदी आली १९१३ च्या कायद्याने.

हाड सतत मोडते आणि घडते. मोडणाऱ्या पेशींना हे औषध आवरते, आणि वर्षानुवर्षे हाडातच राहते. गुण तिथेच, दोषही तिथेच. ऑस्टिओपोरोसिसच्या मात्रेत जबड्याचा धोका अगदी विरळा, पण भीती मात्रा पाहत नाही. मांडीच्या हाडाच्या विचित्र फ्रॅक्चरबद्दल २०१० मध्ये अमेरिकेत इशारा निघाला. २००८ ते २०१२ या काळात तिथे या गोळ्यांचा वापर निम्म्याहून अधिक घटला. ज्यांना त्यांची खरी गरज होती अशाही बायका त्यात असणार, याची मला जास्त चिंता वाटते. माझ्या आजीचा खुबा न्हाणीघरात मोडला, त्यानंतर ती चालली नाही.

आईच्या दाढेची जखम भरली. गोळीला पाच वर्षे होत आली आहेत. थांबवायची का, हे डॉक्टर पुढच्या तपासणीनंतर ठरवतील.