वामनाचं तिसरं पाऊल

'जरा थांबा' असं आपण दिवसातून दहादा म्हणतो. हा 'जरा' मूळचा अरबी 'जर्रा', म्हणजे कण. फारसी-उर्दूच्या वाटेनं तो मराठीत आला आणि घरचाच झाला. नॅनो तंत्रज्ञान हा या कणाचाच खेळ. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो, यावरून कल्पना यावी.

२९ डिसेंबर १९५९ रोजी अमेरिकेत रिचर्ड फाइनमन यांनी एका व्याख्यानात सांगितलं, की पदार्थाच्या तळाशी अजून भरपूर जागा रिकामी आहे. १९७४ मध्ये जपानच्या नोरिओ तानिगुची यांनी या विद्येला 'नॅनो' हे नाव दिलं. १९८६ मध्ये एरिक ड्रेक्सलर यांनी भीती बोलून दाखवली, की स्वतःसारखीच यंत्रं घडवणारी सूक्ष्म यंत्रं मोकाट सुटली तर सारी सृष्टी खाऊन टाकतील. याच भीतीवर मायकेल क्रायटन यांनी २००२ मध्ये 'प्रे' ही थरारक कादंबरी लिहिली. नेवाडाच्या वाळवंटात प्रयोगशाळेतून सुटलेला कणांचा थवा शिकत जातो, वाढत जातो आणि माणसांच्या मागे लागतो.

पण ही भीती मराठीला नवी नव्हती. तानिगुचींनी नामकरण केलं त्याच १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' नावानं एक कथा आली आणि बक्षीस घेऊन गेली. ते होते डॉ. जयंत विष्णू नारळीकर. त्यांची पुढची कादंबरी 'वामन परत न आला'. जमिनीच्या पोटात एका प्रगत संस्कृतीचा ठेवा सापडतो, त्यातल्या ज्ञानावरून यंत्रमानव घडतो, त्याचं नाव वामन. या वामनाला हवी असते आपल्यासारखेच आणखी वामन घडवण्याची विद्या. ती मिळाली तर माणसाचं काय, हा कादंबरीचा प्रश्न. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. प्रश्न मात्र इथंच आहे.

ड्रेक्सलर यांनीच २००४ मध्ये लिहिलं, की असली मोकाट यंत्रं बनवण्याची गरजच नाही. मग धोका टळला का? नाही. तो धावत येत नाही, एवढंच. २००८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं, की कार्बनच्या लांब नॅनोनळ्या शरीरात अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंसारखा दाह निर्माण करतात. अ‍ॅस्बेस्टॉसचंही एकेकाळी कौतुकच होतं. आजार उघड व्हायला दशकं लागली. मिठाई पांढरीशुभ्र करणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडमध्येही काही कण नॅनो आकाराचे असतात. युरोपीय संघानं २०२२ मध्ये अन्नात त्याचा वापर बंद केला.

ही गोष्ट दूरदेशीची नाही. मेहकर तालुक्यातल्या आमच्या डोणगावसारख्या गावांपर्यंत नॅनो हा शब्द पोचला तो शेतीच्या वाटेनं. २०२१ मध्ये नॅनो युरियाची अर्ध्या लिटरची बाटली बाजारात आली. एक बाटली एका गोणीचं काम करील, असा उत्पादकांचा दावा. पुढे लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या प्रयोगात भात आणि गव्हाचं उत्पादन घटलेलं दिसलं. बाटली वाईटच आहे, असं मी म्हणत नाही. पण पाठीवर पंप घेऊन, नाकाला साधा रुमाल बांधून जो फवारणी करतो, त्याला बाटलीत काय आहे आणि काय सिद्ध झालंय, हे त्याच्या भाषेत कळलं पाहिजे.

वामनानं तीन पावलं मागितली, तेव्हा बळीला एकट्या शुक्राचार्यांनी सावध केलं. दान अडवायला ते झारीच्या तोटीत जाऊन बसले आणि डोळा गमावून बसले. तेव्हापासून 'झारीतले शुक्राचार्य' ही आपल्याकडे शिवीच झाली. पण त्या दिवशी त्यांचं म्हणणं खरं होतं. प्रत्येक नव्या वामनापुढं पाणी सोडण्याआधी तोटीत कुणीतरी बसलेलं बरं. दान देऊ नका, असं त्यानं म्हणू नये. एवढंच म्हणावं : जरा थांबा.