सूर्यचूल आणि गृहिणी

फसलेल्या यंत्रांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. तरीही अशा एका यंत्राकडे दिल्लीतील मराठी वाचकांचे लक्ष वेधावे असे आम्हांस वाटते. कारण त्याच्या कथेचा आरंभ मुंबईत झाला आणि पुढचा महत्त्वाचा भाग आर. के. पुरमपासून फार दूर नसलेल्या पुसा परिसरात घडला. ते यंत्र म्हणजे सूर्यचूल.

१८७८ साली मुंबईतील विल्यम ॲडम्स ह्या इंग्रज अधिकाऱ्याने उष्ण देशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता कशी वापरता येईल, ह्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आठ आरशांनी किरणे एकवटणारी त्याची चूल जानेवारीतही सात शिपायांचे मांस व भाजी दोन तासांत शिजवीत असे. शिपायांच्या छावणीस ती शोभणारीच होती. तेथे स्वयंपाक उघड्यावर चाले आणि जेवणाची वेळ हुकुमाने ठरे.

पुढे स्वतंत्र भारतात हाच प्रश्न राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने हाती घेतला. २१ जानेवारी १९५० रोजी सरदार पटेलांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले होते व डॉ. के. एस. कृष्णन हे तिचे पहिले संचालक होते. तेथील एम. एल. घई ह्यांनी १९५३ साली सूर्यचुलीच्या रचनेवर संशोधन प्रसिद्ध केले. चकचकीत ॲल्युमिनियमचा खोलगट आरसा आणि किरणे जेथे एकवटतात तेथे पातेले, अशी तिची साधी रचना होती. शेण चुलीत न जळता शेतात खत म्हणून पडावे, हा त्यामागील हेतूही स्तुत्य होता.

परंतु ही चूल घरोघर रुजली नाही. उष्णतेचे गणित बरोबर होते. गृहिणीच्या दिवसाचे गणित मात्र कोणी मांडले नव्हते. आरसा सूर्याच्या मागोमाग वारंवार फिरवावा लागे; म्हणजे भर उन्हात उभे राहणे आले. मुख्य जेवण पुष्कळ घरांत सूर्यास्तानंतरचे. भाकरी तव्यावर भाजून निखाऱ्यावर फुगवावयाची, फोडणी क्षणात साधावयाची. ही कामे अंगणातल्या आरशापुढे कशी व्हावीत? शिवाय लाकूडफाटा व गोवऱ्या खेड्यात विकत घ्याव्या लागत नसत, आणि चुलीस रोख पैसे पडत. १९८० नंतरच्या दशकात सरकारने पेटीच्या आकाराच्या सूर्यचुलीस अनुदान दिले. तीस वारंवार फिरवावे लागत नसे. पण तीही सावकाश शिजवणारी आणि उन्हाची बांधील.

ह्याच्या उलट उदाहरण शिर्डीचे. साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयात २००९ साली ७३ मोठे परावर्तक गच्चीवर बसविण्यात आले. त्यांच्या उष्णतेने वाफ होई व ती नळांतून खाली स्वयंपाकघरात येई. आचाऱ्यास आपली जागा सोडावी लागली नाही. सूर्य तोच, फरक एवढाच की येथे यंत्राने माणसाची सोय पाहिली.

आमच्यापैकी अनेकांच्या मेजावरून लोकहिताच्या योजनांचे कागद रोज जातात. त्यांवर खर्चाचा रकाना असतो, उद्दिष्टाचा असतो. ज्या व्यक्तीने ती वस्तू पहाटेपासून रात्रीपर्यंत वापरावयाची, तिच्या दिवसासाठीही एक रकाना असावा, एवढेच ह्या जुन्या चुलीचे सांगणे आहे.