हेडफोनविना गायन : ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातील ‘स्वतःला ऐकण्याचा’ प्रश्न
(क्रांती चौक, छत्रपती संभाजीनगर परिसराच्या विशेष संदर्भात)

बीजसंज्ञा : ध्वनिमुद्रण, हेडफोन, घरगुती स्टुडिओ, मौखिक परंपरा, शाहिरी, जात्यावरील ओवी, मराठवाडा.

१. प्रस्तावना

ध्वनिमुद्रणाचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. एडिसनचा फोनोग्राफ (१८७७), तबकडी, ध्वनिफीत, कॅसेट आणि संगणक असे टप्पे सांगितले जातात व प्रत्येक टप्प्यावर ध्वनी किती ‘स्वच्छ’ झाला याची नोंद घेतली जाते. यंत्रासमोर उभ्या असलेल्या गायकाला त्या क्षणी काय ऐकू येत होते, हा प्रश्न मात्र या मांडणीत मागे पडतो. प्रस्तुत लेखाचा विषय हाच प्रश्न आहे.

आज संगणक, एक मायक्रोफोन आणि हेडफोन एवढ्या सामग्रीवर घरातील एका खोलीत गाणे मुद्रित करता येते. या घरगुती स्टुडिओचा एक नियम सर्वमान्य झाला आहे. गायकाने हेडफोन लावावा, आधी तयार असलेले संगीत त्यातून ऐकावे आणि त्यावर एकट्याने गावे. हेडफोन न लावता गाणाऱ्यास तंत्र कळत नाही, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. हेडफोनविना गाणे हाच ध्वनिमुद्रणाचा मूळ प्रघात होता. हेडफोन नंतर आला आणि तो एका विशिष्ट कार्यपद्धतीची गरज म्हणून आला. लोकसाहित्याचे संकलन करणाऱ्या प्राध्यापकांच्या व विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा भेद केवळ तांत्रिक नाही; कोणते ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून जपायचे, याचा निर्णय त्यावर अवलंबून आहे.

२. कानावर हात : यंत्रपूर्व परंपरा

गायकाला स्वतःचा आवाज दोन मार्गांनी ऐकू येतो. एक हवेतून कानापर्यंत आणि दुसरा कवटीच्या हाडांवाटे थेट अंतःकर्णापर्यंत. भोवती गलबला असेल तेव्हा हवेचा मार्ग निकामी होऊ लागतो आणि माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने विसाव्या शतकाच्या आरंभी ही प्रवृत्ती नोंदवली व ती आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. एक कान बंद केला की हाडांवाटे येणारा आवाज ठळक होतो आणि सूर सापडतो. शाहीर, गोंधळी किंवा धृपदिया गाताना कानाशी हात नेतो ती केवळ लकब नाही. स्वतःला ऐकण्याचे ते सर्वांत जुने साधन आहे.

परंपरेने या गरजेसाठी माणसांचीही योजना केली. पोवाड्यात तुणतुणे सतत सूर धरून ठेवते आणि झीलकरी शाहिराला दम घेण्यास जागा देत सूर सांभाळतात. कीर्तनात मागे उभे असलेले टाळकरी आणि बैठकीत तंबोरा हेच काम करतात. गायकाचा सूर त्याच्या एकट्याच्या कानावर सोडलेला नव्हता. तो भोवतीच्या माणसांत वाटून दिलेला होता.

३. कर्ण्यापासून मायक्रोफोनपर्यंत

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गायस्बर्ग याने कलकत्त्यात गौहर जान यांचे गायन मुद्रित केले. त्या काळी मुद्रणात विजेचा वापर नव्हता. गायक मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी गात असे, त्या ध्वनीने पडदा थरथरे आणि सुई मेणाच्या तबकडीवर रेषा कोरत असे. साथीदार त्याच खोलीत बसत. कोणाचा आवाज किती मोठा यावा हे कर्ण्यापासूनच्या अंतराने ठरे. सुमारे तीन मिनिटांत गाणे संपवावे लागे आणि चूक झाल्यास तबकडी वाया जाई. येथे हेडफोनचा प्रश्नच उद्भवत नव्हता. गायकाला जे खोलीत ऐकू येई, तेच कमीअधिक प्रमाणात तबकडीवर उतरत असे. अब्दुल करीम खाँ आणि बालगंधर्व यांच्या आरंभीच्या तबकड्या याच पद्धतीने तयार झालेल्या आहेत.

१९२५ नंतर मायक्रोफोनच्या साहाय्याने विद्युत ध्वनिमुद्रण रूढ झाले. हळू आवाजातील बारकावे पकडता येऊ लागले, तरी गायक व साथीदार यांचे एकत्र बसणे कायम राहिले. बोलपटातही आरंभी हीच स्थिती होती. प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या पहिल्या मराठी बोलपटात नटांनी कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गायिले आणि चित्र व गायन एकाच वेळी मुद्रित झाले. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने नितीन बोस यांच्या चित्रपटात पार्श्वगायनाचा अवलंब केला. येथे गाणे आणि पडद्यावरचे ओठ वेगळे झाले. गायक आणि साथ मात्र अजून एकत्र होती.

४. नभोवाणीची खोली

मराठवाड्याच्या दृष्टीने नभोवाणीचा टप्पा महत्त्वाचा आहे. १९४७ साली देशातील संस्थानी प्रदेशांत जी पाच नभोवाणी केंद्रे होती, त्यांत म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद व बडोदा यांच्याबरोबर औरंगाबादचाही समावेश होता. निजामी राजवट संपल्यानंतर १९५० मध्ये हैदराबाद व औरंगाबाद ही केंद्रे आकाशवाणीच्या व्यवस्थेत आली. म्हणजे गायकासमोर मायक्रोफोन ठेवण्याची संस्थात्मक परंपरा या शहरात स्वातंत्र्यापूर्वीपासूनची आहे.

नभोवाणीतील गायन प्रामुख्याने थेट प्रक्षेपणाचे होते. गायक, संवादिनी, तबला, तंबोरा एका खोलीत असत. काचेपलीकडील तंत्रज्ञ प्रक्षेपणाचे नियमन करी. गायक मात्र साथीदारांनाच ऐके. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर प्रसारित झालेल्या ‘गीतरामायणा’ची ५६ गीते याच काळातील आहेत. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत यांचे श्रेष्ठत्व सर्वज्ञात आहे. दर आठवड्याला नवे गीत सिद्ध करण्याची ती शिस्त एकत्र बसून केलेल्या तालमीवर उभी होती, ही बाबही ध्यानात घेण्यासारखी आहे.

५. हेडफोनचे आगमन

हेडफोनचा जन्म संगीतासाठी झालेला नाही. अमेरिकेतील युटा प्रांतात नॅथॅनिएल बाल्डविन याने १९१० च्या सुमारास घरीच तयार केलेले हेडफोन अमेरिकी नौदलाने बिनतारी संदेश ऐकण्यासाठी घेतले. गायकाच्या कानावर हे साधन येण्याचे कारण निराळे आहे. लेस पॉल व मेरी फोर्ड या दांपत्याने १९५१ साली गाजलेले आपले गाणे घरीच, आवाजावर आवाज चढवीत मुद्रित केले. १९५७ मध्ये पॉल यांना आठ ट्रॅकचे स्वतंत्र यंत्र मिळाले. आधीचा थर ऐकत पुढचा थर गायचा, पण आधीचा थर पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरू द्यायचा नाही, ही या पद्धतीची अट होती. या अटीची पूर्तता हेडफोनने केली.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. हेडफोन हा गायकाला नीट ऐकू यावे यासाठी स्वीकारला गेला नाही. संगीत आणि गळा यांना मुद्रणात वेगळे ठेवण्यासाठी तो स्वीकारला गेला. वेगळे ठेवल्याचे लाभ निःसंशय आहेत. चुकलेली ओळ पुन्हा गाता येते, वाद्य बदलता येते, आवाजांचे प्रमाण नंतर ठरवता येते. परंतु याची किंमत गायक मोजतो. कान झाकल्याने हाडांवाटे येणारा स्वतःचा खर्ज वाढतो, हवेतून येणारा आवाज घटतो आणि पार्श्वसंगीत फार मोठे ठेवल्यास सूर घसरण्याचा संभव असतो. संगणकातून आवाज परत कानी येण्यास लागणारा विलंब ही आणखी एक अडचण. ध्वनी हवेतून सेकंदास सुमारे ३४३ मीटर जातो. दोन मीटरवर बसलेल्या तबलजीचा ठेका गायकास सुमारे सहा मिलिसेकंदांनी ऐकू येतो आणि तो खटकत नाही. संगणकाचा विलंब याच्या कित्येक पट झाला की मात्र लय डळमळते.

१९८० च्या दशकात कॅसेटने मुद्रण स्वस्त केले. पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे त्यामुळे प्रादेशिक व लोकगीतांना मोठी बाजारपेठ मिळाली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज घरोघरी पोचले. संगणकाने पुढे हीच प्रक्रिया एका व्यक्तीपर्यंत आणून ठेवली. तयार पार्श्वसंगीत आणि एकटा गायक, एवढ्यावर गीत पूर्ण होऊ लागले. या व्यवस्थेत झीलकऱ्याला स्थान उरले नाही.

६. क्रांती चौक : उघड्यावरचे गायन

क्रांती चौकाला १८५७ ची स्मृती आहे. हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळातील ज्या शिपायांनी औरंगाबादेत बंड केले, त्यांतील अनेकांना देहदंड देण्यात आला. चौकाजवळचा काला चबुतरा त्याची साक्ष देतो. छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, मोर्चे, सभा आणि जयंतीचे उत्सव यांमुळे हा चौक शहराचे सार्वजनिक व्यासपीठ बनला आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा (१९७८ ते १९९४) याच शहराने अनुभवला. त्या काळात वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्या परंपरेतील गीते सभांमधून गायिली जात.

अशा सभेत गायकाला काय ऐकू येते? लोखंडी कर्ण्यांची तोंडे श्रोत्यांकडे असतात. गायकाचा स्वतःचा आवाज समोरच्या इमारतींवर आपटून उशिरा परततो. इमारत ८५ मीटरवर असेल, तर हा परतीचा आवाज सुमारे अर्ध्या सेकंदाने येतो. त्याच्या मागे लागणाऱ्याची लय बिघडलीच म्हणून समजावे. म्हणून गायक हात कानाशी नेतो, ढोलकीवाल्याकडे पाहतो आणि कोरसच्या आवाजावर विसंबतो. कर्ण्यातून येणाऱ्या स्वतःच्या आवाजापेक्षा शेजारी उभ्या माणसावर विश्वास ठेवणे हे या गायनाचे मूलतंत्र आहे. हा विश्वास घडलेल्या गायकाला घरातील खोलीत एकट्याने हेडफोन लावून उभे केले तर त्याचे गाणे आखडते. त्यात त्याची उणीव नाही. त्याची श्रवणपद्धती काढून घेतल्याचा तो परिणाम आहे.

७. घरगुती स्टुडिओतील पर्याय

चौकालगतच्या वस्त्यांत घरी मुद्रण करणाऱ्यास प्रथम जालना रोडवरील वाहनांच्या आवाजाला तोंड द्यावे लागते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शांततेसाठी रात्रीची वेळ निवडणे यामुळे क्रमप्राप्त ठरते. हेडफोन न लावता गायचे झाल्यास पुढील मार्ग उपलब्ध आहेत.

(अ) गायक व साथीदारांनी जवळजवळ बसून एकाच वेळी गावे-वाजवावे आणि अंतरानेच आवाजांचे प्रमाण राखावे. हा मार्ग सर्वांत जुना आहे.

(आ) पार्श्वसंगीत लहान स्पीकरवर मंद ठेवावे. समोरचा आवाज घेणाऱ्या व मागचा आवाज टाळणाऱ्या मायक्रोफोनची पाठ त्या स्पीकरकडे करावी.

(इ) दोन समान स्पीकरांवर एकच संगीत लावून एकाच्या तारा उलट जोडाव्यात व मायक्रोफोन दोहोंपासून समान अंतरावर ठेवावा. दोन्हीकडील ध्वनिलहरी परस्परविरुद्ध असल्याने मायक्रोफोनपाशी त्या बऱ्याच अंशी एकमेकींना नाहीशा करतात. दोन्ही कान वेगवेगळ्या जागी असल्याने गायकास मात्र संगीत ऐकू येते.

(ई) हेडफोनची एकच बाजू कानावर ठेवावी. कानावर हात ठेवण्याच्या रूढीचेच हे यांत्रिक रूप होय.

या मार्गांच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. पहिल्या मार्गात एकाची चूक सर्वांची चूक ठरते. उरलेल्यांत थोडे पार्श्वसंगीत गळ्याबरोबर मुद्रित होतेच आणि ते नंतर पूर्णपणे वेगळे काढता येत नाही.

८. जात्याची घरघर : पुरावा की दोष?

या मर्यादेकडे पाहण्याची दुसरी दृष्टी महाराष्ट्रातीलच एका कार्याने दिली आहे. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरील ओव्यांचे जे संकलन आरंभिले, त्यात हजाराहून अधिक गावांतील एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रण झाले. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये मुद्रित झालेल्या डॉ. आंबेडकरांविषयीच्या ओव्या हे मराठवाड्याचे उदाहरण. आज हा संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहामार्फत अभ्यासकांना खुला आहे.

या स्त्रिया आपल्या गावात, आपल्या घरी, सोबतिणींसह गायल्या. काही मुद्रणांत जात्याची घरघर ऐकू येते, तर काहींत एकीची ओळ दुसरी उचलते. स्टुडिओच्या निकषाने हा आवाजांचा अवांछित शिरकाव ठरेल. इतिहासाच्या निकषाने मात्र ओवीची लय दगडाच्या फेऱ्याशी कशी बांधलेली होती, कोण कोणास साथ देत होते, याचा तो एकमेव श्राव्य पुरावा आहे. हाच आवाज संगणकाद्वारे पुसून टाकला, तर शब्द उरतील आणि श्रम नाहीसे होतील.

९. निष्कर्ष

१) गायकाने हेडफोन लावणे हा ध्वनिमुद्रणाचा मूळ नियम नव्हे, थरांवर थर मुद्रित करण्याच्या पद्धतीतून आलेली ती गरज आहे. जेथे थर नाहीत, तेथे त्याची सक्ती निराधार ठरते.

२) मराठी शाहिरी, कीर्तन व ओवी या परंपरांत स्वतःला ऐकण्याची व्यवस्था सोबत्यांमार्फत होते. एकट्याच्या हेडफोनने ती व्यवस्था मोडते आणि झीलकरी, टाळकरी व सोबतीण यांचे स्थान मुद्रणातून पुसले जाते.

३) महाविद्यालयांच्या मराठी, इतिहास व संगीत विभागांनी लोकगीते मुद्रित करताना गायकांना त्यांच्या नेहमीच्या मांडणीत, हेडफोनविना गाऊ द्यावे, कोण कोठे बसले होते याची लेखी नोंद ठेवावी, आणि स्वच्छ केलेली प्रत तयार केली तरी मूळ प्रत अबाधित जतन करावी.

व्यावसायिक गीतनिर्मितीत हेडफोनची उपयुक्तता कायम राहील, याबद्दल दुमत नाही. परंतु बाजारासाठी घडविलेले ध्वनिमुद्रण आणि पुढील पिढ्यांच्या अभ्यासासाठी राखलेले ध्वनिमुद्रण यांचे निकष एक असू शकत नाहीत. मराठवाड्यातील ज्येष्ठ शाहीर व ओव्या गाणाऱ्या वृद्ध स्त्रिया आपल्यात आहेत तोवरच हा भेद प्रत्यक्षात आणता येईल. नंतर उरेल ती केवळ आपण कोणत्या पद्धतीने मुद्रण केले याची फलनिष्पत्ती.